मालक कापडावर, ड्रायव्हर चामड्यावर

लेदरच्या सीट म्हणजे ऐश्वर्य आणि कापडाच्या सीट म्हणजे काटकसर, ही समजूत आज इतकी पक्की आहे की कुणी तिच्यावर प्रश्नही विचारत नाही. शोरूममध्ये सर्वांत स्वस्त मॉडेलला कापड मिळते, दोन-तीन पायऱ्या वर चढलात की लेदर. जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावातही तोच हिशेब चालतो. फिकट बदामी रंगाचे, जरासे सुरकुतलेले चामडे दिसले की बघणाऱ्याचे डोळे चमकतात. पण मोटारीच्या इतिहासात ही उतरंड नेहमी अशी नव्हती. बराच काळ ती नेमकी उलटी होती. चामडे नोकराच्या वाट्याला यायचे आणि कापडावर मालक बसायचा.

याचे मूळ घोडागाडीत आहे. बग्गीचा कोचमन पुढे उघड्यावर बसे. ऊन, पाऊस, घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल, सगळे त्याच्या अंगावर. त्याच्या बैठकीला कापड लावले असते तर एका पावसाळ्यात कुजून गेले असते. म्हणून तिथे चामडे आले. ते ओल्या फडक्याने पुसता येते, फाटले तर ठिगळ लागते. आज आपण ज्याला डॅशबोर्ड म्हणतो, तोही मुळात घोड्यांनी उडवलेला चिखल अडवणारा बग्गीचा पुढचा पडदा होता आणि बहुधा चामड्याचाच असे. म्हणजे चामडे ही हवामानाशी झुंजणाऱ्या जागेची वस्तू होती.

आतला कारभार वेगळा. बंद कक्षात पाऊस शिरत नसे, मग तिथे बारीक विणीचे लोकरी कापड, मखमल, रेशीम. इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या गिरण्यांतून येणारे लोकरी कापड तर या कामासाठी नावाजलेले होते. दुसरे आवडते कापड मोहेर. हा शब्द अरबी ‘मुखय्यर’वरून आला. त्याचा अर्थ निवडून घेतलेले, पसंतीचे. अंगोरा, म्हणजे आजचे अंकारा, इथल्या शेळ्यांच्या केसांपासून विणलेले हे चमकदार कापड तुर्कस्तानातून युरोपात पोहोचले आणि तिथल्या रईसांच्या बग्ग्यांमध्ये जाऊन बसले. चामड्यालाही तशीच वंशावळ आहे. इंग्रजीत चांभाराला असलेला जुना शब्द ‘कॉर्डवेनर’ हा अंदलूसमधल्या कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोबा शहराच्या नावावरून बनला, कारण उत्तम कमावलेले चामडे तिथून येई. बग्गीच्या कारागिरांना हवे असलेले मऊ शेळीचे कातडे ‘मोरोक्को’ नावानेच विकले जाई.

मोटार आली तेव्हा तिने बग्गीची सगळी शिस्त जशीच्या तशी उचलली. मोटारीचे सांगाडे बनवणारे कारखाने तेच, कारागीर तेच. १९१० आणि १९२० च्या दशकांतल्या मोठ्या गाड्या पाहा. पुढे शोफर बसायचा, बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर छप्परही नसायचे. मध्ये काच. मागे बंद खोली. पुढची सीट चामड्याची, मागची कापडाची. १९२६ मध्ये क्लॅरेन्स गॅस्क या धनिकाने पत्नीसाठी बनवून घेतलेली रोल्स-रॉइस फँटम या पद्धतीचे टोक म्हणता येईल. तिच्या मागच्या कक्षात फ्रान्सच्या ओब्युसाँमधले हाताने विणलेले टेपेस्ट्रीचे कापड आहे, छतावर चित्रकारी आहे. राजवाड्यातली खोली उचलून चाकांवर ठेवावी असा तो प्रकार. अशा खोलीत गाईचे कातडे कोण लावणार?

ही रीत पूर्णपणे गेलेली नाही. ब्रिटनच्या राणीसाठी २००२ मध्ये बनवलेल्या बेंटलीत पुढे चामडे आहे आणि राणी बसायची तिथे मागे लोकरीचे कापड. जपानमध्ये टोयोटा सेंच्युरी ही सम्राट, पंतप्रधान आणि बड्या उद्योगपतींची गाडी. तिथे कित्येक वर्षे लोकरी कापड हीच खरी प्रतिष्ठा मानली गेली. चामडे बसल्या-उठल्या कुरकुरते, हिवाळ्यात गार पडते, उन्हात चटका देते. लोकर आवाज करत नाही. जपानी माणसाला मागच्या सीटवर शांतता हवी असते, दिखावा नको असतो.

आणि आपल्याकडे? सरकारी अँबेसेडर आठवा. सीट रेक्झीनच्या, पण साहेबांच्या पाठीशी पांढराशुभ्र टॉवेल. ड्रायव्हर मात्र रेक्झीनवरच. घामासाठी टॉवेल टाकतात हे खरे, पण घाम ड्रायव्हरलाही येतोच की. कोचमन आणि सरदार यांची ती जुनी वाटणी टॉवेलाच्या रूपाने आपल्या कचेऱ्यांच्या आवारात उभी राहिली, असे मला वाटते.

मग चामडे वर कसे चढले? याचे उत्तर स्पोर्ट्स कारमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर श्रीमंतांच्या एका पिढीला मागे बसून राहण्यात रस उरला नव्हता. त्यांना स्वतः स्टिअरिंग धरायचे होते. मालक पुढच्या सीटवर आला आणि पुढच्या सीटचे चामडे आपोआप त्याचे झाले. स्पोर्ट्स कार त्या काळी बहुतेक उघड्याच असत, कॅनव्हासचे छप्पर असले तरी ते नावापुरते. तेव्हा कोचमनची जी अडचण होती तीच आता लॉर्डसाहेबांची झाली. पावसात भिजणाऱ्या गाडीत कापड टिकणार नव्हते. गरज म्हणून आलेले चामडे हळूहळू मर्दानी शौकाचे चिन्ह बनले.

यात एक गंमत आहे. १९२० च्या दशकात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत गाजवणाऱ्या बेंटली गाड्यांपैकी अनेकांच्या सीट चामड्याच्या होत्या, पण बाहेरची अख्खी बॉडी कापडाची! लाकडी सांगाड्यावर रेक्झीनसारखे लेप दिलेले कापड ताणून बसवलेले. वजन कमी, खडखडाट कमी. गाडीने कापड पांघरले होते आणि माणूस चामड्यावर बसला होता. कोणती वस्तू कुठे शोभते हे श्रीमंतीवर नाही, कामावर ठरत होते, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

चामड्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात ब्रिटिशांचा, त्यातही एका नावाचा वाटा मोठा आहे. लंडनमध्ये १८७८ साली कॉनली बंधूंनी सुरू केलेला हा चामड्याचा धंदा. ब्रिटिश संसदेतल्या बाकांवर त्यांचे चामडे, रोल्स-रॉइसमध्ये त्यांचे, जॅग्वार आणि ॲस्टन मार्टिनमध्येही त्यांचेच. संसदेत आणि राजघराण्यात वापरली जाणारी वस्तू माझ्या दोन सीटच्या गाडीतही आहे, ही भावना त्या चामड्यासोबत विकली जात होती. १९४८ ची जॅग्वार एक्सके १२० किंवा १९६१ ची ई-टाइप चामड्याविना कल्पनेतही येत नाही. पुढे फेरारीनेही इंग्लंडमधून कॉनलीचे कातडे मागवले. इटलीसारख्या, चामड्याच्या कारागिरीत मुरलेल्या देशाने हे करावे यातच ब्रँड काय चीज असते ते कळते. कॉनलीचा मूळ कारखाना २००२ मध्ये बंद पडला. आता जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘कॉनली हाइड’ हे दोन शब्द किंमत वाढवायला पुरतात.

चामड्याच्या वासाबद्दलही बरेच कौतुकाने लिहिले जाते. आपल्याकडे कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाला त्याच वासाचे निमित्त करून गावकुसाबाहेर ठेवले गेले. कानपूर आणि धारावीतल्या टॅनरीत राबणाऱ्या दलित-मुस्लिम कामगारांच्या अंगाला तो वास चिकटला की लोक नाक मुरडत. तोच वास गाडीत कोंडला की लक्झरी.

चामड्याचा खरा कस लागला तो स्पोर्ट्स कारला पक्के छप्पर आल्यावर. छप्पर आले की पावसाचा मुद्दा संपतो, आणि मग निवड खरोखर निवड होते. या बाबतीत इटलीच्या लान्चियाने दिलेले उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी ही लांब पल्ल्याच्या वेगवान, बंद गाड्यांच्या परंपरेतली पायाभूत गाडी. तिच्या सीटना नेहमीचे आवरण होते ते ‘पान्नो’, म्हणजे जाड लोकरी कापड. चामडे मागितले तर मिळे, पण मागणारे थोडे होते. ट्युरिनहून रोमपर्यंत गाडी हाकणाऱ्याला पाठ घामेजायला नको आणि वळणावर सीटवरून घसरायला नको. पान्नो दोन्ही गोष्टी सांभाळत होते.

घसरण्याचा मुद्दा आज समजायला अवघड जातो, कारण आता सीटबेल्ट आहे आणि सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा आहेत. १९५० च्या दशकात रस्त्यावरच्या गाड्यांना पट्टा बहुधा नसायचा आणि सीट खुर्चीसारख्या सपाट असत. जोरात वळण घेतले की माणूस बाहेरच्या बाजूला सरकणार. गुळगुळीत चामड्यावर तो जास्तच सरकतो आणि स्वतःला सावरण्यासाठी स्टिअरिंगच घट्ट धरून बसतो. गाडी वळवायच्या हातांनी स्वतःचा तोल सांभाळायचा, हे वेगात धोक्याचे. लोकर किंवा कॉर्डुरॉयसारखे रेघारेघांचे कापड पँटला पकडून ठेवते. पोर्शे ३५६ च्या सीटवर कॉर्डुरॉय दिसते त्यामागे असे व्यवहारी शहाणपण आहे.

आता मर्सिडीज ३०० एसएल. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दारे पंखांसारखी वर उघडणारी, म्हणून ‘गलविंग’. पोलादी नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंनी उंच आला होता, नेहमीचे दार बसवायला जागाच नव्हती, म्हणून दार छताला टांगले. काचा खाली जात नसत. काढून ठेवता येत, बस. त्यामुळे आतमध्ये उकाडा भयंकर. १९५७ पर्यंत अशा १,४०० गाड्या बनल्या. आपल्या काळातली ती जगातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांपैकी एक, आणि तिच्या नेहमीच्या सीट चौकडीच्या कापडाच्या होत्या! कडेला साधे कृत्रिम लेदर, मध्ये निळसर, हिरवट किंवा लालसर चौकडा. चामड्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत.

अनेक अमेरिकन ग्राहकांनी ते मोजले. गाडी हॉलिवूडच्या वस्तीत उभी राहणार, तिथे चौकडीचे कापड जरा घरगुती वाटत असणार. उरलेल्या गाड्यांपैकी कित्येकांचे कापड पुढे झिजले, आणि तेव्हाच्या मालकांनी ते काढून लेदर चढवले. म्हणून आज संग्रहालयांत आणि रॅलींत दिसणाऱ्या लाल लेदरच्या गलविंग पाहून, ती गाडी अशीच होती असा समज होतो.

दरम्यान या दोघांच्या मध्ये एक तिसरा शिरला होता, आणि त्याचे नाव मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. रेक्झीन. आपण हा शब्द दुकानातल्या कुठल्याही नकली चामड्याला वापरतो, पण मुळात ते मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचे नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप द्यायचा आणि वरून चामड्याची नक्षी ठोकायची. पुढे त्याची जागा पीव्हीसीने घेतली, नाव तेवढे मुंबई-पुण्याच्या सीट कव्हरवाल्यांच्या तोंडी राहिले. अँबेसेडर आणि फियाटमध्ये आपली पिढीच्या पिढी या रेक्झीनला घामाने चिकटत मोठी झाली. तिकडे एमजीसारख्या सामान्यांच्या स्पोर्ट्स कारमध्येही चामड्याच्या जागी हळूहळू प्लॅस्टिक आले. नंतर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एमजीबीला आरामखुर्चीच्या पट्ट्यापट्ट्यांसारखे कापड लावले गेले, ते अजूनही ‘डेकचेअर’ म्हणून चेष्टेचा विषय आहे. ती चेष्टा अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

रेक्झीनने एक मोठी गोष्ट घडवली. चामड्याचे दिसणे स्वस्त झाले. दुरून पाहिले तर खरे-खोटे कळेना. मग कापडाला पुन्हा संधी मिळाली आणि ती जर्मनांनी साधली. पोर्शे ९११ मध्ये १९६० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्याचे ‘पेपिटा’ आले. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका स्पॅनिश नर्तकीचे. १९७४ मध्ये पोर्शेने ९११ टर्बो काढली. त्या वर्षी २९ ऑगस्टला संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांची कन्या लुईझ पीएश सत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना भेट दिलेल्या पहिल्या टर्बोच्या सीटमध्ये लाल चामड्याबरोबर स्कॉटिश चौकडा होता. पुढच्या टर्बो गाड्यांना ग्राहक तीन चौकड्यांतून निवड करू शकत: ब्लॅक वॉच, ड्रेस मॅकेन्झी, ड्रेस स्टुअर्ट.

या चौकड्याची कथा कापडाच्या इतिहासात स्वतंत्र लिहावी अशी. १७४५-४६ चे बंड मोडल्यावर लंडनच्या सरकारने स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली. १७४६ चा तो कायदा १७८२ पर्यंत लागू होता. बंदीतून सूट होती ती सरकारी पलटणींतल्या शिपायांना, आणि ब्लॅक वॉच ही तशीच एक पलटण. बंडखोरांच्या अंगावर गुन्हा ठरलेले कापड पलटणीच्या अंगावर गणवेश ठरले आणि दोनशे वर्षांनी श्टुटगार्टच्या गाडीत चैन म्हणून विकले गेले.

कापडाच्या या पुनरागमनात एका बाईंचे नाव घ्यायलाच हवे. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट. मूळच्या पोर्सेलीनवर चित्रे रंगवणाऱ्या. १९६४ पासून फोक्सवागनच्या कापड आणि रंग विभागात काम करत होत्या. १९७६ च्या गोल्फ जीटीआयच्या सीटवरचा काळा-लाल-पांढरा चौकडा त्यांचा. गोल्फच्या चेंडूसारखा गिअरचा गोटाही त्यांच्याच कल्पनेतला. ब्रिटनच्या प्रवासात तिथली चौकडीची कापडे त्यांच्या मनात भरली होती. सगळा विभाग इंजिन आणि अश्वशक्तीत बुडालेला असताना या गाडीची ओळख ठरली ती एका कापडाने. आणि १९७७ मध्ये पोर्शे ९२८ सोबत ‘पाशा’ आले. शर्यत संपताना फडकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या झेंड्यासारखे, लाटांवर हिंदकळणारे चौकोन. त्याला तुर्की सरदारांची पदवी का दिली असावी, हे त्या कापडाचा दिमाख पाहून ओळखता येते. डोळ्यांना मात्र ते पाच मिनिटांत थकवते.

शेवटी फेरारी एफ४०. १९८७ मध्ये कंपनीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त काढलेली, एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेली शेवटची मोठी गाडी. त्या वेळच्या फेरारीत सर्वांत महाग. तिच्यात गालिचा नाही, रेडिओ नाही, आतून दार उघडायला एक दोरी. आणि सीट? लाल कापडाच्या. कॉनलीचे चामडे हवे तेवढे हाताशी असताना फेरारीने ते नाकारले, कारण वजन आणि पकड.

आज जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याचा मोठा धंदा आहे, आणि त्यात कापडावर सर्वांत जास्त अन्याय होतो. लोकरीला कसर लागते, ओलीने बुरशी येते, चढता-उतरताना ड्रायव्हरच्या बाजूची कड आधी विरते. चामडे मात्र तेलपाणी केले तर पन्नास वर्षे तग धरते. म्हणजे काळाच्या चाळणीतून चामडे राहते, कापड गळून जाते. दगडी किल्ले उरतात आणि मातीची घरे पुसली जातात, मग पुढच्यांना वाटते की सगळे किल्ल्यातच राहत होते. गाड्यांच्या बाबतीत त्यात लिलावाची भर पडली. लेदर चढवले की किंमत येते म्हणून चांगल्या स्थितीतले कापडही उसवून फेकले गेले. चांगला कारागीर सीट उघडताना घाई करत नाही. घोड्याच्या केसांच्या गादीखाली, जुन्या खिळ्यांच्या ओळीत, मागच्या पॅनेलच्या दुमडीत कधी मूळ कापडाची दोन बोटे रुंद पट्टी अडकलेली सापडते. उजेड न लागल्याने तिचा रंग अजून ताजा असतो. ती पट्टी त्या गाडीच्या जन्मदाखल्यासारखीच, पण बऱ्याच गॅरेजांत ती झाडूबरोबर जाते.

अलीकडे वारे थोडे फिरले आहेत. मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने गलविंगचे चौकडे पुन्हा विणून घेतले. पोर्शेही पेपिटा आणि पाशा वारावर विकते. २०२५ मध्ये तिने मर्यादित संख्येत काढलेल्या ‘९११ स्पिरिट ७०’ मध्ये पुन्हा पाशाच लावले. आता ज्यांनी आपल्या ९२८ मधले पाशा काढून त्या जागी काळे लेदर बसवले होते, ते नवे पाशा विकत घेऊन जुन्या गादीवर चढवून घेत आहेत.